पुढे कोणी नाही

मोंझाच्या बागेत ऑक्टोबरातलं धुकं एकदा बसलं की आगंतुक पाहुण्यासारखं बसतं. जेवण झालं, कॉफी झाली, तरी उठायचं नाव घेत नाही. त्या शनिवारी सकाळी ते बागेतल्या मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर असं पसरलं होतं की स्टँडवरून समोरचे पिट, म्हणजे गाड्या तयार करायचे गाळे, दिसत नव्हते आणि पिटमधून आभाळ. पिटच्या गल्लीत तीस गाड्या ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीत सोळा-सतरा वर्षांचा एकेक पोरगा, आणि प्रत्येक पोराच्या मागे एकेक बाप, खिशात हात घालून, आपल्याला या सगळ्यातलं कळतं असा चेहरा करून.

तोबिया कोल्झानीचा बाप त्यातल्या त्यात प्रामाणिक. आपल्याला कळत नाही हे अत्तिलिओनं कधी लपवलं नाही. लिस्सोनेला त्याचा खुर्च्यांचा कारखाना होता. बिजागरी, सांधा, वॉर्निश याबद्दल तो पोपच्या तोंडावरही वाद घालू शकला असता, गाड्यांच्या बाबतीत मात्र तो फक्त एवढंच विचारायचा, "चांगलं झालं की वाईट झालं?" आणि उत्तर मिळालं की मान हलवायचा.

लिस्सोने बागेपासून हाकेच्या अंतरावर. तान्हा होता तेव्हापासून तोबिया पाळण्यात पडून हा आवाज ऐकत आला होता: लांबून येणारी गुरगुर, मग किंचाळी, मग काही नाही. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला वाटायचं, झाडंच तशी ओरडतात. ओक एका सुरात, चेस्टनट दुसऱ्या. पुढं त्याला गाड्या दाखवल्या, तेव्हा तो जरासा हिरमुसलाच होता.

तर हा पोरगा सातव्या वर्षी कार्टमध्ये, म्हणजे पोरांच्या शर्यतीच्या चिमुकल्या गाडीत, बसला, पंधराव्या वर्षी या छोट्या एकआसनी गाडीत, आणि आता सतराव्या वर्षी शिडीच्या अशा पायरीवर उभा होता जिथून वरच्या पायऱ्या अरुंद होत जातात आणि तिकिटं महाग. या शिडीची गंमत अशी की खाली शेकडो मुलं चढायला लागतात आणि अगदी वर, साऱ्या जगात मिळून, वीस-बावीस जागा. अत्तिलिओला हा आकडा पहिल्यांदा सांगितला तेव्हा त्यानं तो बोटांवर मोजून पाहिला. मग म्हणाला, "तेवढ्या खुर्च्या तर मी दुपारच्या जेवणाआधी करतो." त्याच्या दृष्टीनं हा धंदाच विचित्र होता: गिऱ्हाईक अफाट, माल वीस नग, आणि तरी दुकान वाढवायचं कोणाच्या मनात नाही.

घरात ठरलं होतं, हे शेवटचं वर्ष. ते कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. नोर्मानं, म्हणजे तोबियाच्या आईनं, एका रविवारी जेवताना फक्त विचारलं होतं, "पुढच्या शरद ऋतूत तू कारखान्यात कुठल्या टेबलावर बसशील?" आणि सगळ्यांना कळलं होतं.

एकच फट उरली होती, आणि त्या फटीचं नाव सिन्योरा दोनेगा. विचेंझाकडची ही बाई वरच्या वर्गात स्वतःचा संघ चालवायची. साठीची, बुटकी, पायात शिकाऱ्यासारखे बूट. पोरांच्या बापांशी ती अतिशय गोड बोलायची आणि पोरांशी अजिबात नाही. शुक्रवारी तिनं तोबियाला कॉफीच्या टपरीपाशी गाठलं.

"उद्या पात्रता फेरीत पहिल्या तिघांत ये," ती म्हणाली. "मग हिवाळ्यात माझ्या गाडीत बसवते. बसून शोभलास तर पुढचं वर्ष तुझं, बापाला हात खिशात घालावा लागणार नाही."

"आणि चौथा आलो तर?"

"तर तुझ्या बापाचा धंदा चांगला आहे. मी त्याच्याच खुर्च्यांवर जेवते."

पात्रता फेरीत ज्याची एक फेरी सगळ्यात वेगवान, तो दुसऱ्या दिवशी शर्यतीत सगळ्यात पुढून सुटतो; पण मोंझाला तिच्यात एक भानगड असते, ती सांगायला हवी. इथले सरळ पट्टे इतके लांब की एकट्यानं पळणाऱ्याचं नुकसान होतं. पुढची गाडी हवा फाडत जाते आणि मागची त्या फाटलेल्या जागेत शिरून फुकटात पळते. याला सगळे 'ओढ' म्हणतात. ओढ मिळाली तर वेळ सुधारते, नाही मिळाली तर जगातला कितीही मोठा शहाणा असो, मागं पडतो. त्यामुळे प्रत्येकाला कोणाच्या तरी मागे जायचं असतं, आणि सगळ्यांनाच मागे जायचं असलं की पुढं जायला कोणी उरत नाही.

म्हणून तोबियाच्या संघाचा इंजिनिअर ओरेस्ते, मिशांतून बोलणारा माणूस, नियम करून बसला होता: आपल्या दोन गाड्यांपैकी आज एकानं ओढायचं, उद्या दुसऱ्यानं. आज ओढायची पाळी कायोची होती.

कायो हा ब्राझीलचा. बापाच्या, काकांच्या आणि काकांच्या मेहुण्यांच्या कंपन्यांची इतकी नावं त्याच्या हेल्मेटवर होती की चेहऱ्याला जागा उरली नव्हती. स्वभावानं मात्र तूप. दोन वर्षं दोघं एका तंबूत कपडे बदलत होते.

"कायो, आज तू पुढं," ओरेस्ते म्हणाला.

"हो हो."

"दोनदा हो म्हणालास. एकदाच म्हण."

"हो."

"हां. आता ऐका. धुक्यानं आपला निम्मा वेळ खाल्ला. टायर गरम व्हायला दोन फेऱ्या जाणार, मग खरी फेरी एकच. एकच! घड्याळ संपायच्या आत रेघ ओलांडून ती सुरू करायची, नाहीतर धरत नाहीत. रेडिओवर मी तुमच्या कानाला लागणार नाही, त्याला परवानगी नाही. फलक दाखवीन. या धुक्यात दिसला तर दिसला."

"आणि नाही दिसला तर?" तोबियानं विचारलं.

"तर देवानं डोकं दिलंय ना? हेल्मेट कशावर घालतोस?"

अत्तिलिओ जवळ आला. त्यानं पोराच्या खांद्याचा पट्टा उगाच ओढून पाहिला, जसा तो विकायच्या खुर्चीचा पाय हलवून पाहायचा. "घट्ट आहे," तो म्हणाला आणि मागं सरकला.

धुकं थोडं उचललं गेलं. झाडांच्या शेंड्यांना अडकून राहिलं, पण खाली रस्ता दिसू लागला. हिरवा दिवा लागला. तरी कोणी हलेना. इंजिनं घोंघावतायत, बाप घड्याळं बघतायत, आणि पुढं जायला कोणी तयार नाही. लग्नात पहिल्या पानावर कोणी बसायचं यावरून अडलेले व्याही असतात ना, 'तुम्ही बसा', 'छे, आधी तुम्ही', तसे हे तीस जण. फक्त इथं मायेचा लवलेश नव्हता. शेवटी एका अधिकाऱ्यानं हात झाडून ओरडल्यावर सगळे एकदमच निघाले, मेंढरांसारखे.

पहिली फेरी टायर गरम करण्यात गेली. दुसरीही गेली. आणि मग, पाराबोलिकाच्या त्या लांबलचक वळणाच्या अलीकडे, जे व्हायचं ते झालं.

सगळ्यात पुढची गाडी हळू झाली. तिच्या मागची आणखी हळू. हळूहळू तीसही गाड्या अशा रेंगाळू लागल्या की बागेत फिरायला आलेली म्हातारी त्यांना मागे टाकून गेली असती. कोणी डावीकडं झुलतोय, कोणी उजवीकडं. टायर गरम करायचं निमित्त, खरं काम मागच्याला पुढं काढायचं. कायो, ज्यानं आज ओढायचं होतं, त्यानं आरशात पाहिलं, कडेला सरकला आणि हात बाहेर काढून तोबियाला खूण केली: जा, तू जा.

तोबियानं मान हलवली: तू जा.

कायोनं पुन्हा हात हलवला. त्याचा दुसरा 'हो' कुठं गेला होता, ते आता कळलं.

जगातली सगळ्यात वेगवान पोरं तिथं एकमेकांना वाट देत उभी होती म्हटलं तरी चालेल. तोबियाला समोर सरळ पट्ट्याच्या तोंडाशी पांढरं धुकं दिसत होतं, त्यात फलक नाही, घड्याळ नाही, काही नाही. उजव्या बाजूला, कुंपणाच्या पलीकडं, नारिंगी कपड्यातला एक म्हातारा झेंडेवाला उभा होता. त्यानं बाही वर करून मनगट पाहिलं. मग या तीस गाड्यांकडं पाहिलं. मग तो हसला. सर्कशीत विदूषक पडल्यावर हसतात तसं, पोट धरून नाही, पण मनापासून.

तोबियाला त्या हसण्यातून घड्याळ कळलं.

आता हिशेब सोपा होता आणि वाईट होता. थांबला तर ओढ मिळेल, पण रेघ ओलांडायला वेळ उरणार नाही. गेला तर वेळ मिळेल, पण ओढ मिळणार नाही. उलट मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतः ओढणार. म्हणजे आपल्या हातानं दुसऱ्यांना आपल्या पुढं बसवायचं. शहाणा माणूस अशा वेळी थांबतो. तीस शहाणे थांबलेलेच होते.

तोबियानं गियर पाडला आणि गेला.

कायोच्या गाडीला घासून गेला, पुढच्या दोघांच्या मधून गेला, सगळ्यात पुढच्याला वळणाच्या आतून मागं टाकलं, आणि एकाएकी समोर काही नव्हतं.

पुढं काय झालं ते तोबियानं नंतर कोणाला नीट सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. पट्ट्यावर धुक्याचे पडदे होते, एकामागून एक, आणि तो त्यांतून असा जात होता जसं कोणी घरातल्या वाळत घातलेल्या चादरींमधून पळावं. प्रत्येक पडद्यामागे आणखी एक पडदा, आणि त्यामागे कोणाची शेपटी नाही, कोणाचा लाल दिवा नाही. दोन वर्षं तो या रस्त्यावर पळत होता, पण दर वेळी कोणाच्या तरी पाठीकडं बघत. रस्ता त्यानं कधी पाहिलाच नव्हता. आज रस्ता त्याच्याकडं येत होता, ओला, काळा, नुकताच कोणी तरी अंथरल्यासारखा.

पहिलं अरुंद वळण आलं नि गेलं. मोठ्या वळणात झाडं कमानीसारखी वर जुळली. पानं गळत होती. एक पिवळं पान त्याच्या समोर हवेत थांबलं, निवांत, आणि तो त्याच्याखालून गेला. लेस्मोच्या दोन्ही वळणांत गाडीनं त्याला काही विचारलं नाही आणि त्यानं गाडीला काही सांगितलं नाही. पुढच्या गाडीची फाटकी हवा नव्हती, त्यामुळे गाडी जमिनीला अशी चिकटली होती की वळण सुटतंय की आपण सुटतोय कळेना. जुन्या ट्रॅकच्या पुलाखाली अंधार झाला, डोळे मिटून उघडावेत एवढाच. आस्कारीची नागमोडी वळणं. मग मागचा लांब पट्टा, आणि तिथं त्याला स्वतःचं इंजिन ऐकू आलं, झाडांत आपटून परत येणारं. आणि त्या वेगात, त्या कामात, त्याच्या मनात आलं की लहानपणी ऐकलं ते चुकीचं नव्हतं. झाडंच ओरडतात. आपण फक्त त्यांना आठवण करून देतो.

 आणखी एक पडदा, मग झेंडा, आणि रेघ ओलांडली.

पिटमध्ये परतला तेव्हा बाजार भरला होता. रेघ वेळेत ओलांडून फेरी सुरू केली होती फक्त चौघांनी. बाकीचे सव्वीस अजून पाराबोलिकापाशी 'आधी तुम्ही' करत होते तेव्हाच घड्याळ संपलं. त्यांचे बाप आता अधिकाऱ्यांच्या खोलीसमोर जमले होते. एक ऑस्ट्रियन बाप जर्मनमध्ये, एक सिसिलियन बाप हातांनी, आणि एक पोलिश बाप वकिलाला फोन लावून, असे सगळे मिळून धुक्यावर दावा ठोकायच्या बेतात होते.

ओरेस्ते गाडीपाशी आला. मिशा थरथरत होत्या.

"गाढवा," तो म्हणाला.

"कितवा?"

"चौथा. चौघांत चौथा. त्या तिघांना पाठीवर बसवून नेलंस, आणि दारात उतरवून स्वतः मागं राहिलास. पहिला कोण विचार."

"कायो."

"कायो!" ओरेस्तेनं हातमोजा जमिनीवर आपटला. "तू निघाल्याबरोबर तुझ्या मागं चिकटला. ज्यानं ओढायचं तो ओढला गेला!" मग तो वाकला, हातमोजा उचलला आणि तोबियाच्या हेल्मेटवर हळूच एक टप्पल मारली. "फेरी सुंदर होती. हे मी बोललो नाही."

अत्तिलिओ बाजूला उभा होता. "चौथा म्हणजे चांगलं झालं की वाईट झालं?"

"तिघांत यायचं होतं, पपा."

"हां," अत्तिलिओ म्हणाला.  "पण तिसांमधून चौथा..."

"चौघांमधून, पपा."

कायो आला, हेल्मेट काखेत, कान लाल. "तोबी, मी जाणार होतो. खरंच. आईशप्पथ."

"माहीत आहे."

"तू गेलास म्हणून..."

"अरे, आता रडतोस काय? पहिला आलास लेका, जरा हस तरी. नाहीतर फोटोत तुझ्या काकांच्या कंपन्या दुःखी दिसतील."

कायो हसला, मग त्याला मिठी मारली, मग फोटोवाल्यांनी त्याला ओढून नेलं. तोबिया टायरच्या चळतीवर बसला. राग यावा असं त्याला वाटत होतं. राग येईना. डोळे मिटले की ते पिवळं पान दिसत होतं.

सिन्योरा दोनेगाचे बूट त्याच्या समोर येऊन थांबले.

"उठू नकोस," ती म्हणाली आणि शेजारच्या चळतीवर स्वतः बसली. "मी तीन म्हणाले होते. तू चौथा. हिवाळ्यात माझ्या गाडीत कायो बसेल. त्याचे काका मला आवडतात."

"बरं," तोबिया म्हणाला. 

"आता दुसरं. पट्ट्यांवर तू मार खाल्लास, तो खाणारच होतास. पण लेस्मोपासून आस्कारीपर्यंत, जिथं ओढीचा काही उपयोग नाही, तिथं ते तिघं तुझ्या जवळपासही नव्हते. पिटमधल्या वेळांच्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं, फक्त सगळे वरचं नाव वाचत होते." तिनं खिशातून पेपरमिंट काढलं, त्याला दिलं नाही. "माझ्याकडं विचेंझाला एक खोली आहे. अंधारी. तिच्यात न हलणारी गाडी आणि समोर पडद्यावर पळणारा ट्रॅक. तिथं बसून गाडी जुळवायची: हे पंख असे, हे स्प्रिंग तसे. तू दिवसभर चालवायचं, आणि शनिवारी कायोनं ती जुळवलेली गाडी घेऊन पळायचं. महिन्याच्या महिन्याला पगार."

अत्तिलिओचे कान टवकारले. "पगार? म्हणजे तुम्ही त्याला देणार?"

"हो, सिन्योर कोल्झानी. उलटा प्रवाह. सवय नाही तुम्हाला, ठाऊक आहे."

"म्हणजे मी ओढायचं," तोबिया म्हणाला, "आणि कायोनं..."

"हो. मी तुझ्याशी गोड बोलत नाही, पाहतोयस ना? इथं दरवर्षी पन्नास पोरं मला विचारतात, सिन्योरा, मी वर पोचेन का? मी कोणालाच नाही म्हणत नाही. नाही म्हटलं की बाप दुसऱ्या तंबूत जातो. तुला म्हणतेय, कारण तुझ्या बापाला मला काही विकायचं नाही. तू वर पोचणार नाहीस. वेग कमी म्हणून नव्हे. पुढं जागा रिकामी दिसली की तू निघतोस, आणि इथं थांबून राहणारे पोचतात. पण मला निघणारा एक हवाच असतो. नाहीतर गाडी जुळवणार कोण?"

 वर जाणारी ती शिडी तोबियाच्या डोळ्यांसमोर आली, तिच्यावर चढणारे सगळे, प्रत्येकाचं नाक पुढच्याच्या टाचेपाशी. मग तीही धुक्यात गेली.

"ती अंधारी खोली," तो म्हणाला, "त्यात पानं गळतात का?"

"काय?"

"काही नाही. सिन्योरा, नव्या गाड्या खऱ्या ट्रॅकवर पहिल्यांदा बाहेर काढतात, सगळे स्क्रू नीट आहेत का बघायला. ती फेरी कोण मारतं?"

"जो रिकामा असेल तो. सकाळी लवकर, थंडीत. पोरं कंटाळतात."

"ती मला द्या. प्रत्येक वेळी, प्रत्येक गाडीची. सकाळचा पहिला तास. आणि त्या तासात ट्रॅकवर माझ्यापुढं कोणी नको. कायोही नको."

सिन्योरानं त्याच्याकडं नीट पाहिलं. धंद्यातली माणसं घासाघीस करणाऱ्याकडं पाहतात तसं, थोडं चिडून, थोडं आदरानं. "अर्धा तास."

"एक तास."

"पेट्रोल माझं जातं, पोरा."

"गाडी तर तुम्हाला बाहेर काढायचीच आहे."

"आणि तुझ्या बापासारखंच बोलतोस." तिनं आणखी एक पेपरमिंट काढलं आणि या वेळी त्याच्या हातावर ठेवलं. "एक तास. पण उद्याची शर्यत संपल्यावर. उद्या चौथ्या जागेवरून सुटशील, आणि जिंकलास तरी माझा शब्द बदलणार नाही, एवढं ऐकून ठेव."

"मला ठाऊक आहे."

ती गेली. अत्तिलिओ टायरवर तिच्या जागेवर बसला. धुकं आता पुन्हा खाली उतरत होतं. अधिकाऱ्यांच्या खोलीसमोरचे बाप एकेक करून त्यात दिसेनासे होत होते, आवाज तेवढे उरले होते.

"सगळं तुझ्या हातात होतं," अत्तिलिओ म्हणाला, "तिला गरज होती, पोरगं नाही म्हणेल अशी भीती होती. पगार वाढवून मागायचा. दोन शर्यती मागायच्या. तू काय मागितलंस? एक तास. सकाळचा. थंडीतला."

"रिकामा तास, पपा."

अत्तिलिओनं मनातल्या मनात बेरीज केली, मग वजाबाकी करून पाहिली. काहीच जमेना. त्यानं पोराच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि आयुष्यभर हिशेब पुरा केल्याशिवाय न उठणारा तो माणूस, तसाच अर्धवट सोडून उठला आणि गाडी आत ढकलायला पोराच्या बरोबरीनं वाकला.